आमच्या नाट्यसंस्थेला डेटा कायद्याचं ऑडिट करून घ्यावं लागेल का?

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरी जिल्ह्यातली एक जुनी, ट्रस्ट म्हणून नोंदलेली नाट्यसंस्था आहे. दरवर्षी हौशी राज्य नाट्य स्पर्धेत एक नाटक, मे महिन्यात मुलांचं शिबिर, दिवाळीनंतर तिकीट लावून दोन-तीन प्रयोग, आणि एक छोटा तालमीचा हॉल, जो भाड्यानेही दिला जातो. बाहेरच्या एका कंपनीने त्यांना 'सायबर सुरक्षा व कायदेशीर पूर्तता' या नावाखाली दीड लाखाचं कोटेशन पाठवलंय आणि वर 250 कोटींच्या दंडाचा आकडा ठळक अक्षरात छापलाय. कार्यवाह विचारतायत, की हे खरंच लागतं का, आणि लागत नसेल तर आम्ही नेमकं काय करायचं?

आत्ता लागत नाही. पण काहीच करायचं नाही असंही नाही. मी कुडाळ ते चिपळूण या पट्ट्यात पतसंस्थांचं आणि काही सांस्कृतिक संस्थांचं हे काम बरीच वर्षं करतोय, त्यावरून सांगतो.

आधी त्या 250 कोटींचं बघू. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. नियम टप्प्याटप्प्याने लागू होतात. दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाविषयीचे नियम लगेच लागू झाले, आणि तुमच्यासारख्या संस्थांवरची मुख्य कर्तव्यं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 च्या सुमारास लागू होतील. माहिती सांभाळण्यासाठी वाजवी खबरदारी घेतली नाही, तर त्या दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी. मर्यादा म्हणजे रक्कम नव्हे. चूक किती गंभीर होती, किती काळ चालली, कुठल्या प्रकारची माहिती फुटली, पुन्हापुन्हा घडलं का, नुकसान आवरायला तुम्ही काय केलंत, आणि तेवढ्या दंडाने तुमचं काय होईल, हे सगळं मंडळाने बघायचं असं कायद्यातच लिहिलंय. कोटेशनमध्ये हे कलम कुणी छापत नाही.

मात्र 'आपण हौशी माणसं, आपल्याला कुठला कायदा' हेही सोडून द्या. ट्रस्ट आहे किंवा नफा कमवत नाही म्हणून सरसकट सूट नाही. तुमची सभासदांची कागदी वही या कायद्यात येत नाही. त्या वहीच्या पानाचा फोटो काढून तुम्ही ग्रुपवर टाकलात की येते.

आता मुद्द्याचं. तुमच्या प्रश्नात एक वाक्य सहज आलंय, 'आमचं बहुतेक सगळं एका दादांच्या मोबाईलवर आहे, ते मुंबईला असतात.' तुमची सगळ्यात मोठी जोखीम ती आहे, आणि ती त्या कोटेशनमध्ये कुठेच नाही. कोकणातल्या बहुतेक मंडळांची रचना अशीच असते. संस्था गावात, पैसा आणि उरक मुंबईत. नमनाचं मंडळ असो, शक्ती-तुऱ्याचं असो की नाट्यमंडळ, गावच्या माणसांनी तालमी करायच्या आणि चाकरमान्यांनी हॉल, बॅनर, तिकिटं बघायची. यात वाईट काही नाही, या रचनेवरच आपली मंडळं टिकली. पण फेसबुकचं पान दादांच्या खात्यातून निघालेलं, यूट्यूब चॅनल त्यांच्या पुतण्याच्या जीमेलवर, तिकिटांचा क्यूआर खजिनदारांच्या स्वतःच्या बचत खात्याचा, आणि बँकेचा ओटीपी जातो मागच्या खजिनदारांच्या नंबरवर, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी पद सोडलं. यातल्या कुणाचीही नियत वाईट नसते. एक फोन हरवला, एक भांडण झालं किंवा एक माणूस गेला की संस्था स्वतःच्याच घराबाहेर उभी राहते. हे करायला हॅकर कशाला हवा?

यातलं बँकेचं प्रकरण सगळ्यात चिवट, कारण ते तांत्रिक नाही. कार्यकारिणी बदलली की सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 च्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो कुणी वेळेत देत नाही. मग बँक विचारते, नवीन पदाधिकाऱ्यांची नोंद कुठे आहे? नोंद नाही म्हणून सह्या बदलत नाहीत, सह्या बदलत नाहीत म्हणून नंबर बदलत नाही. जुन्या माणसाने तो नंबर रिचार्ज करणं सोडलं तर काही महिन्यांनी कंपनी तो दुसऱ्या कुणाला देते, आणि तुमच्या खात्याचे मेसेज भलत्याच माणसाच्या हातात. म्हणून मी नाट्यसंस्थांना सांगतो, सायबर सुरक्षेची सुरुवात चेंज रिपोर्टपासून करा. मागचे रिपोर्ट अडकलेले असतील तर वकिलाला गाठा आणि ओळीने सगळे दाखल करा. दीड लाखातले थोडे पैसे तिथे गेले तर ते सत्कारणी लागले म्हणायचं.

दुसरं काम एका संध्याकाळचं. कार्यकारिणीने एकत्र बसून कागदावर यादी करायची. बँक, क्यूआर, ईमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, वेबसाइटचं नाव कुठे नोंदलंय ते, आयकराचं लॉगिन, वॉट्सॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन, हॉलच्या वायफायचं आणि कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या पेटीचं लॉगिन. प्रत्येकासमोर लिहायचं, की हे कुणाच्या नावावर आहे, ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो, आणि तो माणूस आठवडाभर लागला नाही तर दुसरं कोण उघडू शकतं. तिसऱ्या रकान्यात 'कोणी नाही' असं जितक्या वेळा येईल तेवढी तुमची कामं. यादीत पासवर्ड लिहू नका. यादी मिनिट बुकात जोडा आणि त्यावर ठराव करा, की ही सगळी खाती संस्थेची आहेत आणि पदावरून जाणारा माणूस महिन्याभरात ती नव्याच्या हवाली करेल. ठरावाचा फायदा असा, की पुढे मागणं काढताना कुणाला अपमान वाटत नाही. ठराव आहे म्हणून मागतोय, एवढं म्हणता येतं.

मग संस्थेच्या नावाचा स्वतंत्र ईमेल काढा आणि सगळी खाती त्यावर वळवा. नोंदणीकृत ना-नफा संस्थांना गूगलची कार्यालयीन सेवा विनामूल्य मिळू शकते, अर्ज करून बघा. फेसबुक पानाला किमान दोन जणांना पूर्ण हक्क द्या, दोघांनी आपापल्या खात्यातून यायचं, एकच पासवर्ड दोघांनी वापरायचा नाही. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू करा, पण एसएमएसवर नको, ऑथेंटिकेटर अ‍ॅपवर. सुरक्षेच्या दृष्टीने ते जास्त चांगलं आहेच, पण आपल्याकडे त्याला आणखी एक कारण आहे. अ‍ॅपमधला सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो, त्याला रेंज लागत नाही. खाडीपलीकडच्या गावात प्रयोग असला आणि एसएमएस येईना म्हणून पानावर 'आजचा प्रयोग रद्द' टाकता आलं नाही, असं होत नाही. सोबत मिळणारे बॅकअप कोड छापून, पाकिटात सील करून, पावती पुस्तकं ठेवता त्या कपाटात ठेवा.

पानं चोरीला जाण्याचे मार्ग कलासंस्थांच्या बाबतीत ठरलेले आहेत. पहिला, 'तुमच्या व्हिडिओतल्या गाण्यामुळे कॉपीराइटचा भंग झालाय, 24 तासांत अपील करा नाहीतर पान बंद' असा मेसेज. आपण तालमीचे, प्रयोगाचे तुकडे टाकतोच, त्यात कुठेतरी सिनेमाचं गाणं असतंच, त्यामुळे माणूस घाबरतो आणि दिलेल्या लिंकवर पासवर्ड भरतो. खरी सूचना पानाच्या आत, अ‍ॅपच्या सूचनांमध्ये असते. मेसेंजरमध्ये कुणा अनोळखी पानाकडून येत नाही. दुसरा मार्ग यूट्यूबवाल्यांचा. दशावताराचे आख्खे प्रयोग आता यूट्यूबवर असतात, काही चॅनलना बऱ्यापैकी प्रेक्षक आहेत. अशांना जाहिरातीचा प्रस्ताव म्हणून एक फाइल येते. ती संगणकावर उघडली की ब्राउझरमधली आधीच लॉगिन झालेली ओळख चोरीला जाते. इथे दोन टप्प्यांचं लॉगिनही वाचवत नाही, कारण चोर लॉगिनच्या पुढच्या पायरीवरून आत येतो. उपाय साधा आहे, चॅनलचं लॉगिन ज्या संगणकावर आहे तिथे अनोळखी फाइल उघडायची नाही. आणि त्याच संगणकावर फुकटात मिळवलेलं क्रॅक एडिटिंग सॉफ्टवेअर असेल, तर फाइलची वाट बघायचीही गरज नाही, चोर त्या सॉफ्टवेअरमधूनच आत आलेला असू शकतो.

तिसरा प्रकार मंडळींच्या थेट खिशाला लागतो. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की नाट्यमंडळांच्या मालकांचे फोन दिवसभर वाजतात, नंबर बॅनरवर छापलेलाच असतो. एखादा फोन हिंदीत येतो, 'आर्मी कॅम्प में प्रोग्राम रखना है', रक्कम ठरते, घासाघीस होत नाही. मग 'अ‍ॅडव्हान्स पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा'. घासाघीस झाली नाही इथेच शंका यायला हवी. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार, येणार नाहीत. हे वाक्य मालकापासून हार्मोनियमवाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ हवं. तसंच वॉट्सॅपवर लग्नाची किंवा जत्रेची पत्रिका म्हणून आलेली, नावाच्या शेवटी एपीके असलेली फाइल. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे अ‍ॅप, आणि ते फोनमधले ओटीपी वाचायलाच आलेलं असतं.

तिकीट खिडकीवर क्यूआर संस्थेच्याच खात्याचा असावा. हे सुरक्षेपेक्षा हिशोबाचं आहे, लेखापरीक्षक विचारतोच. काउंटरवर चिकटवलेल्या क्यूआरवर दुसराच कुणी चिकटवून जातो, म्हणून प्रयोगाच्या दिवशी एकदा स्वतः रुपया पाठवून नाव बघा. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरू नका, तसे खोटे स्क्रीनशॉट बनवून देणारी अ‍ॅप आहेत. आवाज करणारं यंत्र ठेवा किंवा खात्याची नोंद बघा. कार्डाने पैसे घेत असाल तर कार्ड नंबर कुठेही लिहून ठेवायचे नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर 2022 पासून विक्रेत्याला ते साठवता येत नाहीत.

तुम्ही विचारलंय, की ऑनलाइन तिकीट विकणाऱ्या सेवेकडे दिलं की जबाबदारी त्यांची ना? पूर्ण नाही. प्रेक्षकांची माहिती कशासाठी गोळा करायची हे तुम्ही ठरवत असाल तर जबाबदार तुम्ही, सेवा देणारा तुमच्या वतीने काम करतो, आणि त्याच्याशी लेखी करार हवा. बाहेरच्या देशांत नाट्यसंस्थांना बसलेले मोठे फटके असेच आडून बसले. जुलै 2022 मध्ये वर्डफ्लाय नावाच्या, कलासंस्थांचे ईमेल पाठवणाऱ्या कंपनीवर खंडणीचा हल्ला (माहिती कुलूपबंद करून पैसे मागणं) झाला, आणि सिडनी डान्स कंपनी, टोरांटो सिम्फनी, स्मिथसोनियन अशा एकमेकांशी संबंध नसलेल्या संस्थांच्या याद्या एकाच वेळी अडकल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराची वेबसाइट आणि तिकीट खिडकी आठवड्यापेक्षा जास्त बंद पडली. प्रयोग मात्र चालू राहिले. शेजारच्या लिंकन सेंटरच्या वेबसाइटवरून सरसकट 50 डॉलरची तिकिटं विकून त्यांनी वेळ मारून नेली. आपल्या नाटकवाल्यांना यातलं हे शेवटचं वाक्य लगेच कळतं. तुमच्याकडे छापील प्रवेशिकांचं पुस्तक आणि हातातला सीटिंग चार्ट तयार आहे का, एवढंच त्यावरून विचारतो. असेल तर तुम्ही त्यांच्या एक पाऊल पुढे आहात.

आता तुमच्याकडची सगळ्यात नाजूक माहिती. ती प्रेक्षकांची नाही, तुमच्याच माणसांची आहे. वृद्ध कलावंत मानधनाचे अर्ज भरून द्यायला तुम्ही मदत करता असं लिहिलंय. फार चांगलं काम आहे. पण त्यातून ज्येष्ठांच्या आधारच्या, पासबुकच्या झेरॉक्स आणि त्यांचे फोटो तुमच्या कार्यालयात आणि कुणाच्या तरी वॉट्सॅपमध्ये जमलेत. सत्तरी ओलांडलेला पखवाजवादक, त्याचं नाव, खाते क्रमांक आणि 'याचं मानधन मंजूर व्हायचंय' ही बातमी, एवढं ज्याच्या हाती लागलं त्याला पुढचा फोन कसा करायचा हे शिकवावं लागत नाही. 'काका, मानधन जमा होतंय, फक्त ओटीपी सांगा.' म्हणून अर्ज दाखल झाला की वॉट्सॅपमधले फोटो पाठवणाऱ्याच्याही आणि घेणाऱ्याच्याही फोनमधून काढा, फोनच्या गॅलरीत उतरलेल्या प्रतीसकट. कागदी झेरॉक्सवर 'फक्त मानधन अर्जासाठी' असं तारखेसह आडवं लिहा. आधारचा पूर्ण नंबर जिथे लागत नाही तिथे मास्क्ड आधार चालतं, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आणि सगळ्या ज्येष्ठांना एकदा बोलावून, चहा पाजून, समोरासमोर सांगा, की संस्थेतून किंवा सरकारातून कुणीही ओटीपी विचारणार नाही. पत्रक वाटून हे होत नाही.

स्त्री कलाकारांचे नंबरही याच वर्गातले. 'कलाकार यादी' नावाची एक्सेल फाइल प्रत्येक संस्थेत असते, नाव, वय, मोबाईल, फोटो, कधी घरचा पत्ताही. स्पर्धेच्या धांदलीत ती नेपथ्यवाल्यापासून केटरिंगवाल्यापर्यंत जाते. मग रात्री अकराला मेसेज सुरू होतात. तक्रार करायला मुलगी कचरते, घरचे म्हणतात नाटक सोड. संस्थेची एक चांगली अभिनेत्री जाते आणि कुणाला कारणही कळत नाही. बाहेरच्यांना द्यायचा नंबर एकच ठेवा, व्यवस्थापकाचा. आयोजकाला कलाकारांचे नंबर लागत नाहीत, नावं लागतात.

शिबिरातल्या मुलांबाबत कायदा सगळ्यात कडक आहे. अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल, सोळा वर्षांचा नायकसुद्धा. त्याची माहिती डिजिटल स्वरूपात घ्यायला पालकाची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांसंबंधीची कर्तव्यं मोडली तर दंडाची मर्यादा 200 कोटी. तुमच्या पातळीवर याचा अर्थ असा, की शिबिराच्या अर्जासोबत मराठीत अर्ध्या पानाची सूचना द्यायची, आम्ही काय काय घेतो, कशासाठी, किती दिवस ठेवतो, संमती मागे घ्यायची तर कुणाला सांगायचं. संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत ती सूचना देता येते, तेव्हा इंग्रजीतला मसुदा नेटवरून उतरवू नका. फोटोंची संमती वेगळी घ्या, 'फोटो फेसबुकवर टाकलेले चालतील / चालणार नाहीत' अशी दोन्ही पर्यायांची. आज अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात 'संस्थेचे सर्व नियम मान्य' लिहिलेलं असतं, ती संमती नव्हे. जन्मतारीख लागते का वय पुरतं, याचाही विचार करा. आधार तर शिबिराला लागतच नाही, शाळेत मागतात म्हणून आपणही मागतो.

हॉलच्या कॅमेऱ्यांकडे जातो. रंगपटात, कपडे बदलायच्या खोलीत कॅमेरा नको, हे सांगायची वेळ येऊ नये, पण 'दागिने चोरीला जातात म्हणून' लावलेला मी पाहिलाय. कॉरिडॉरमध्ये लावा, दार दिसेल असा, आतला भाग दिसणार नाही असा. 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या तपासणी खोलीचं चित्रण फुटलं आणि विकलं गेलं. आत शिरायला मोठी विद्या लागली नव्हती, पेटीचा पासवर्ड कारखान्यातून आला तसा साधा होता. तुमची पेटी बसवणाऱ्याने पासवर्ड बदलला का, आणि तो त्याच्याकडे अजून आहे का, हे आजच विचारा. मोबाईलवर बघायची सोय खरोखर वापरत नसाल तर ती पेटी इंटरनेटपासून तोडून टाका.

रंगमंचावरच्या यंत्रांबद्दल थोडंच, कारण तिथे नुकसान माहितीचं कमी आणि प्रयोगाचं जास्त. टॅबलेटवरून चालणारे डिजिटल मिक्सर आता भाड्यानेही मिळतात. त्यांचं वायफाय बऱ्याचदा पासवर्डशिवाय असतं, आणि ज्याला वायफाय मिळालं त्याला फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या, मिळाले. दिव्यांना नेटवर्कवरून हुकूम देणारा आर्टनेट प्रोटोकॉलही कुणाची ओळख विचारत नाही. तेव्हा मिक्सर-दिव्यांचं नेटवर्क प्रेक्षकांच्या किंवा कार्यालयाच्या वायफायपासून वेगळं ठेवा, पासवर्ड प्रत्येक प्रयोगाला बदला. संगीताचा लॅपटॉप इंटरनेटला जोडू नका. स्पर्धेच्या केंद्रावर प्रत्येक संघाचा पेनड्राइव्ह एकाच लॅपटॉपला लागतो आणि व्हायरस एका संघाकडून दुसऱ्याकडे सुखाने प्रवास करतो. जुना विंडोज 10 चा लॅपटॉप असेल तर त्याचा नेहमीचा विनामूल्य आधार ऑक्टोबर 2025 मध्येच संपलाय, त्यावर संस्थेचे हिशोब तरी ठेवू नका. पार्श्वसंगीताची दुसरी प्रत एखाद्या फोनमध्ये, विमान मोडवर, ऑपरेटरच्या हाताशी.

बॅकअप. कोकणात हा विषय हॅकरपेक्षा पावसाचा आहे. 22 जुलै 2021 ला चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच्याच शेजारी ठेवलेली बॅकअपची हार्ड डिस्क एकत्रच बुडाली, अशी कार्यालयं कितीतरी. त्याच्या आदल्या वर्षी 3 जूनला निसर्ग वादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत वीज आणि मोबाईल दोन्ही कितीतरी दिवस घालवले होते, अशा काळात ढगात, म्हणजे इंटरनेटवर, ठेवलेली प्रतही हाती येत नाही. म्हणून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक गावाबाहेर. गावाबाहेरची जागा शोधायला आपल्याला कष्ट नाहीत, मुंबईतले तेच दादा. डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट केलेली असू दे, वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला ते येतात तेव्हा बदलून द्या. हस्तलिखित संहिता, जुन्या प्रयोगांचे फोटो, स्पर्धेची प्रमाणपत्रं हे आधी स्कॅन करा. हिशोब पुन्हा मांडता येतात. हाताने लिहिलेली नमनाची वही गेली की गेली.

काही घडलंच तर. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला फोन, त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी. पहिले काही तास मोलाचे, कारण पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात ते तेवढ्यातच. 'आधी कार्यकारिणीला विचारू' असं करू नका. कुणी फोन करायचा त्याचा अधिकार आधीच ठरावाने देऊन ठेवा. खातं किंवा माहिती फुटली असेल तर सर्ट-इन या सायबर घटना बघणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांप्रमाणे सहा तासांत कळवायचं असतं. समाजमाध्यमांवरच्या खात्यात कुणी घुसणं हेही त्यांच्या यादीत आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाल्यावर ज्यांची माहिती गेली त्या प्रत्येकाला आणि डेटा संरक्षण मंडळाला विनाविलंब कळवायचं, आणि सविस्तर माहिती मंडळाला 72 तासांत द्यायची. गावात अशी गोष्ट लपवायची वृत्ती असते, संस्थेचं नाव खराब होईल म्हणून. पण गावात काही लपत नाही, आणि ज्या काकांचं पासबुक फुटलं त्यांना ते दुसऱ्याकडून कळलं तर संस्थेचं नाव जास्त खराब होतं.

राहता राहिलं ते कोटेशन. त्या कंपनीला तीन गोष्टी विचारा. अहवाल मराठीत देणार का? सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करून देणं त्या दीड लाखात आहे की फक्त यादी मिळणार? आणि तपासणीसाठी आमच्या सभासदांच्या याद्या तुम्ही नेणार असाल तर त्या कुठे ठेवणार, कधी पुसणार? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर विषय तिथेच संपला. आयएसओ 27001 हे माहिती सुरक्षेचं प्रमाणपत्र तुम्हाला कुणी मागितलेलं नाही, ते घेऊ नका. तुमच्याएवढ्या संस्थेला एखादा जाणता माणूस दोन दिवस येऊन वरची यादी तपासून, खाती वळवून देईल, आणि तो खर्च दीड लाखाच्या आसपासही जाणार नाही. हॉल मोठा झाला, कायम ऑनलाइन तिकीट विक्री सुरू केलीत, किंवा एखाद्या कंपनीच्या सामाजिक निधीतून मोठी देणगी आली आणि त्यांनीच अट घातली, तर ऑडिटचा विचार जरूर करा, त्या देणगीच्या अंदाजपत्रकातच त्याचा खर्च धरून. तोवर येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर चेंज रिपोर्ट हा विषय पहिला घ्या, 'आयत्या वेळचे विषय' मध्ये नको.